हळदीचं पाणी

सकाळी उठलं की देवराव ठवकराचं पहिलं काम म्हणजे बायकोची वेणी. ज्या माणसानं पिकअपच्या क्लचची वायर डोळे मिटून बदलली असती, तो केसांच्या तीन पेडांपुढे रडकुंडीला यायचा. गोपिका उंबऱ्यावर पाठमोरी बसायची. पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेले दोन्ही हात मांडीवर ठेवलेले असायचे, आणि तो मागे उकिडवा बसून फणी ओढायचा.

"हळू जी. केस हायेत, गवत नाही."

"लागलं का?"

"लागलं तं लागलं. ओढा."

वेणी झाली की बशीनं चहा पाजायचा. मग न्हाणी. न्हाणीतल्या गोष्टीबद्दल दोघंही कधी बोलत नसत. तो परकराच्या नाडीची गाठ बांधायचा तेव्हा ती भिंतीकडे बघत राहायची, आणि तो गाठीकडे. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, मुलगी पायल लग्न होऊन उमरेडला नांदायला गेली होती, तरी त्या गाठीपाशी दोघंही अवघडून जायची. गाठ सैल पडली तर दुपारी ती शेजारणीला हाक मारायची नाही. कोपरांनी परकर धरून तो येईपर्यंत बसून राहायची.

शेजारपाजारच्या बाया कुंपणावरून हे सगळं बघायच्या आणि म्हणायच्या, "देवरावभाऊसारखा नवरा भेटाले नशीब लागते वं." हे कानावर पडलं की देवरावच्या अंगाची लाही लाही व्हायची. ते हात कोणामुळे भाजले हे गावात दोघांनाच ठाऊक होतं, आणि त्यातलं एकही तोंड उघडत नव्हतं.

कुहीकडच्या या पट्ट्यात उन्हाळा तोंडावर आला की मिरचीचे सातरे लागतात. व्यापारी मोकळ्या रानात हिरव्या नेटचे मांडव घालतात, लाल मिरचीचे ढीग ओततात, आणि गावोगावच्या बाया तोंडाला फडकं बांधून दिवसभर देठं खुडत बसतात. देवरावची पिकअप रोज सकाळी गावच्या बायांना सातऱ्यावर न्यायची आणि दिवस कलला की परत आणायची. गोपिका त्या टोळीची मुकादम. कोणाला सावलीतला ढीग द्यायचा, कोणाचं लेकरू अंगावर पितं म्हणून तिला मधेच सोडायचं, व्यापाऱ्यानं आवाज चढवला तर त्याच्यापेक्षा वर कोणी चढवायचा, हे सगळं तिच्याकडे. गाडीत ड्रायव्हरशेजारची जागा मुकादमाची. बाकीच्या मागे, हौद्यात. त्या जागेवर गोपिका पदर खोचून अशी बसायची की गाडी कोणाची आहे असा नवख्याला प्रश्न पडावा.

हंगाम लागला तेव्हाच रेडिएटर गळायला लागला होता. वरच्या प्लास्टिकच्या टाकीच्या सांध्यातून थेंब थेंब. हंगाम संपला की नवा टाकू, असं देवरावनं ठरवलं, आणि तोवर या रस्त्यावरचे अर्धे ड्रायव्हर जे करतात तेच केलं. रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकली. हळद गरम पाण्यात फुगते, चिरेत जाऊन बसते, गळती थांबते. थांबलीही. मग पुन्हा लागली, मग आणखी एक मूठ. हळद गोपिकाच्याच डब्यातली. "हळद कुठी जाऊन राहिली बाप्पा," असं ती चुलीपाशी स्वतःशीच बोलायची, आणि हा दारात बसून दात कोरत राहायचा. चिरेत बसणारी हळद रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही बसते आणि झाकणाच्या झडपेतही बसते, हे काही त्याच्या टाळक्यात शिरलं नाही.

त्या दिवशी सातऱ्यावरून परत येताना गाडी मधेच उकळली. बॉनेटमधून वाफ आली तशी त्यानं गाडी कडेला घेतली. मागच्या बाया उतरून लांब मोहाच्या झाडाखाली जाऊन बसल्या. बराच वेळ गेला. ऊन तिरपं झालं, बाया कुरकुरायला लागल्या, आणि नेमका देवरावचा फोन वाजला. दुसऱ्या दिवशीच्या भाड्याचं काहीतरी होतं. फोन कानाला लावून त्यानं गोपिकाला हातानं खूण केली.

"खोल झाकन. पानी टाक."

"गरम असंन नं जी?"

"काही नाही होत. इतका वेळ झाला. मी सांगून राहिलो नं, खोल."

तिनं पदर दुमडून हातावर घेतला, झाकण दाबून फिरवलं, आणि पिवळंजर्द उकळतं पाणी कारंज्यासारखं वर आलं. दोन्ही हात, मनगटं, गळ्याचा थोडा भाग. तिची किंकाळी ऐकून बाया धावल्या. देवरावचा फोन हातातून पडला. आणि त्या वेळी त्याच्या तोंडातून जे निघालं ते त्यानं पुढे कितीदा तरी मनात परत गिळायचा प्रयत्न केला.

"अक्कल हाय का तुले? गरम झाकन खोलते का कोनी?"

बाया तोवर जवळ पोचल्या होत्या. त्यांनी तेवढंच ऐकलं. गोपिकानं नवऱ्याकडे पाहिलं. दुखण्यानं तिचे डोळे भरून वाहत होते, पण त्या पाहण्यात दुखण्यापेक्षा निराळं काहीतरी होतं. मग ती बायांकडे वळून म्हणाली, "माझीच चूक झाली वं. घाई केली मी."

कुहीला पहिली पट्टी झाली आणि तिथून शहरात, धंतोलीच्या एका दवाखान्यात. तिथले डॉक्टर हातावरचा पिवळा रंग बघून भडकले. भाजल्यावर हळद लावू नका, हे किती वेळा सांगायचं तुम्हाला लोकांना, शिकत का नाही तुम्ही, असं ते नर्सच्या आणि चार पेशंटांच्या देखत गोपिकाला बोलले. नर्स कापसानं पिवळं पुसत होती आणि गोपिका ओठ चावून "हो साहेब" म्हणत होती. कामठीहून तिचा थोरला भाऊ मारोतराव धावत आला होता, त्यानंही तिलाच झापलं. "लहान पोरगी हायेस का तू? येवढी टोळी सांभाळते म्हनते अन् झाकन खोलता येत नाही?" मग तो देवरावच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "जवाईबापू, तुम्ही घाबरू नोका. हिची अक्कलच घाई करते." देवरावनं मान हलवली. त्यानं फक्त मान हलवली, पण तीही त्याला सोडत नव्हती. रात्री कूस बदलताना ती हललेली मान त्याला आठवायची आणि स्वतःचीच किळस यायची.

बोलायचं मनात नव्हतं असं नाही. रोज सकाळी फणी हातात घेताना तो ठरवायचा, आज सांगतो. कोणाला सांगायचं हेही ठरवायचा. पण गोष्ट एकदा दवाखान्यात, सासुरवाडीत, गावात एका तऱ्हेनं सांगून झाली होती. आता ती उलटी फिरवायची म्हणजे आधी चार लोकांत बायकोला बेअक्कल म्हटलं ते गिळायचं. देवराव मनानं वाईट नव्हता. भित्रा होता, आणि भित्रेपणानं माणसाकडून जी वाईट कामं होतात त्यातलं एक त्याच्याकडून झालं होतं.

पायल आठवडाभर राहून गेली. पिकअप अंगणात उभी. गावच्या बाया दुसऱ्या गावच्या ऑटोत कोंबून सातऱ्यावर जायला लागल्या. एके दुपारी गोपिकाचा फोन वाजला. व्यापारी होता. तिला फोन धरता येत नव्हता, म्हणून देवरावनं तो तिच्या कानाला लावून धरला. व्यापाऱ्याचा आवाज मुळातच मोठा, त्यालाही सगळं ऐकू येत होतं.

"बाई, तब्बेत पाहा. टोळीचं प्रयागबाई पाहून राहिली आता."

"मी येते नं आठवड्याभरात. खुडता नाही येनार, पर देखरेख तं करते मी."

"नाही बाई, असं हाय, बायाही म्हनून राहिल्या. मुकादम म्हनजे डोकं ठिकानावर पाह्यजे. उद्या सातऱ्यावर काही झालं तं मी कोनाले तोंड दाखवू? तुमच्या ध्यानात नाही राहत म्हनते. गरम झाकन..."

"हो," गोपिका म्हणाली. "बरं."

फोन बंद झाला तरी देवरावचा हात तिच्या कानापाशीच होता. तिनं मान बाजूला घेतली तेव्हा त्याच्या लक्षात आलं. ती उठली, आत गेली आणि कोपरानं दार लोटून घेतलं. तिचा रडण्याचा आवाज काही आला नाही. तो आला असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. आपण हिचे हात तर भाजलेच, वरून हिचं नावही घालवलं. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

संध्याकाळी त्यानं गाडीचा जुना रेडिएटर उतरवायला घेतला. खालचा होस सोडला, वरचा सोडला, पंख्याच्या भोवतालची प्लास्टिकची जाळी काढून भिंतीला टेकवली. रेडिएटर वर उचलला तर तो नको तितका जड लागला. रिकामा असूनही आत काहीतरी भरलेलं होतं. त्यानं तो पोत्यात घातला.

"उद्या धंतोलीले पट्टीसाठी जायचंच हाय," तो दारापाशी जाऊन म्हणाला. "मंग रेडिएटर घेऊन येऊ."

"मीही येते दुकानात," आतून गोपिका म्हणाली.

"तू काहून? दगदग होईन."

"मले पाह्यचं हाय."

दुसऱ्या दिवशी एसटीत पोतं त्याच्या पायांत आणि गोपिका खिडकीशी, हात छातीशी धरून. कंडक्टरनं पोत्याला लाथ लावून बघितलं आणि काय आहे विचारलं. गाडीचं सामान आहे म्हटल्यावर त्यानं बाईच्या हातांकडे पाहिलं आणि पुढे सरकला. पट्टी झाली. नवी कातडी आली आहे, नाजूक आहे, ऊन आणि तिखट लागू देऊ नका, असं डॉक्टर म्हणाले. तिखट लागू देऊ नका म्हटल्यावर गोपिका हसली.

पार्ट्सचं दुकान म्हणजे एका गल्लीतला लांबोडका बोळ होता, वरपर्यंत खोके रचलेले. दुकानदारानं पोत्यातून जुना रेडिएटर काढला, उलटा केला आणि काउंटरवरच्या वर्तमानपत्रावर ठोकला. तोंडातून घट्ट पिवळा गाळ बदकन पडला. त्यानं बोट लावून वास घेतला.

"हळद. कोनी टाकली हो ही?"

देवराव रिकाम्या पोत्याची घडी घालायला लागला.

"नळ्या सगळ्या जाम," दुकानदार म्हणाला. झाकण उलटं करून त्यानं नखानं खरवडलं. "अन् हे पाहा. झडप बसूनच गेली. वाफेचा दम निघाले जागाच नाही. असं झाकन तासभरानं खोललं तरी उडनार. मानूस जाळाचं काम हाय हे, भाऊ. कोनी टाकली?"

देवरावनं तोंड उघडलं. उघडलं हे खरं, पण शब्द यायच्या आधी गोपिका बोलली.

"गाडी जुनी घेतली नं आम्ही. पहिल्या मालकानं टाकली असंन."

दुकानदारानं तिच्या पट्ट्यांकडे पाहिलं, मग देवरावकडे, आणि पुढे काही विचारलं नाही. हा माणूस रोज गाड्यांची आणि गाडीवाल्यांची खोटी बोलणी ऐकत असणार. त्यानं मागून दोन रेडिएटर आणून ठेवले.

"हा जुन्यासारखाच. मधला भाग ॲल्युमिनियमचा, वरखाली टाक्या प्लास्टिकच्या. बरोब्बर बसते, काही कापाकापी नाही. अन् हा पुरा ॲल्युमिनियमचा, टाक्याही वेल्डिंगवाल्या. सांधा सुटाचं नावच नाही. उन्हाळ्यात माल भरून चालवाल तरी थंड राह्यते."

"हाच द्या," देवराव लगेच म्हणाला. महागाचं घेतलं की मनावरचं ओझं थोडं उतरेल असं त्याला वाटलं असावं. पाप झालं की मोठी पूजा घालणारी माणसं असतात, तसलाच प्रकार.

"थांबा. हा बोटभर जाड हाय. तुमच्या गाडीत पंखा अन् रेडिएटर यात जागा किती हाय? मोजून आनली का?"

देवरावनं मोजली नव्हती. तो डोकं खाजवायला लागला.

"माझा पंजा जाते मंधात," गोपिका म्हणाली. "आडवा नाही, उभा. बोटं जुळवून अन् अंगठा वर धरून. मिरचीचा भुसा अडकते तिथं, तं मीच काढत होती." तिनं दाखवायला हात उचलला. पट्टीतून बोटांची नुसती टोकं दिसत होती. तिनं हात पुन्हा खाली घेतला. "जाळी थोडी मांगं सरकवली तं बसंन हा."

दुकानदारानं स्वतःचा पंजा उभा धरून नव्या रेडिएटरला लावला, जुन्याला लावला. "बसते," तो म्हणाला. "बाईले गाडी माहीत हाय." मग त्यानं जुना आणि नवा पाठीला पाठ लावून होसची तोंडं, खालची तोटी, बोल्ट बसवायच्या कानांची भोकं एकेक करून जुळवून दाखवली. खालची दोन भोकं थोडी घासावी लागणार होती.

"झाकन पाहू," गोपिका म्हणाली.

"झाकनं दोन येतात. साधं, अन् हे खटक्यावालं. यात पहिले हा खटका उचलायचा, आतला दम निघून जाते, मंग फिरवायचं. तरी गाडी गरम असंन तं कोनतंच झाकन खोलाचं नाही, बाई."

"माहीत हाय मले," गोपिका म्हणाली. "पहिलेही माहीत होतं."

देवराव रस्त्याकडे बघत उभा होता. खटक्याचं झाकण त्यानं पिशवीत टाकलं.

परतीच्या एसटीत बराच वेळ गेला. मग त्यानं हळूच विचारलं, "दुकानात खोटं काहून बोलली वं?"

"तुम्ही खरं बोलनार होते का?"

तो पुढच्या सीटच्या दांडीकडे बघत बसला. खोका मांडीवर होता आणि रेडिएटर ॲल्युमिनियमचा, हलका. तरी त्याच्या मांड्या भरून आल्या.

दुसऱ्या दिवशी कडुनिंबाच्या सावलीत त्यानं काम काढलं. गोपिका ओसरीवर खाटेच्या कडेला बसून बघत होती. आधी इंजिन आतून धुतलं. नळी लावून बोअरचं पाणी सोडलं तर खालून हळदीचा ओघळ अंगणभर पसरला, लग्नघराच्या अंगणात दिसावा तसा. पाणी स्वच्छ येईपर्यंत त्यानं दोनदा, तीनदा धुतलं, आणि प्रत्येक वेळी पिवळा रंग थोडा कमी होऊन पुन्हा यायचाच. शेजारीण कुंपणाशी येऊन "काय रंगून राहिले भाऊ?" म्हणाली. त्यानं वर पाहिलं नाही.

मग कानाची भोकं कानशीनं घासली. ॲल्युमिनियम मऊ, लोखंडासारखा जोर चालत नाही. एकदा कानस घसरून बोटाचं साल गेलं, आणि त्याला त्या दुखण्याचं बरंच वाटलं. खोक्याचा पुठ्ठा कापून त्यानं पंख्यापुढे उभा केला, नाहीतर चढवताना पंख्याची पाती लागून पापडासारखे पातळ पत्रे चेपतात. रेडिएटर वरून सोडला. खालचे रबर जागेवर बसले. बोल्ट हातानं फिरवून मगच पाना लावला.

"लय नोका आवळू," गोपिका ओसरीवरून म्हणाली. "आटे जातीन."

"हो."

"जाळी मांगं घ्या अजून. पंखा हातानं फिरवून पाहा."

त्यानं पंखा फिरवला. कुठे लागला नाही. होस चढवले, त्यांच्या पट्ट्या आवळल्या. पाणी बोअरचं घालायचं नव्हतं, त्यातल्या क्षारांनी नवा रेडिएटर आतून खाल्ला असता. दुकानातून आणलेलं हिरवं कूलंट त्यानं गळ्यापर्यंत भरलं. आता आतली हवा काढायची राहिली होती. त्यासाठी झाकण उघडं ठेवूनच इंजिन चालू ठेवावं लागतं. त्यानं गाडी सुरू केली, वरचा होस दाबत राहिला. पातळी खाली गेली की थोडं ओतायचं, पुन्हा दाबायचं. काही वेळानं पाणी तापलं आणि रेडिएटरच्या तोंडाशी गडगड बुडबुडे आले.

त्या आवाजासरशी गोपिका खाटेवरून उठली. तिची पाठ भिंतीला लागली. दोन्ही हात आपोआप पदराखाली गेले आणि हनुवटी छातीशी. गाडीपासून ती चांगली लांब होती. तिच्यापर्यंत एक थेंबही येणार नव्हता, हे तिलाही कळत होतं.

"मी आत जाते," ती म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता.

ज्या बाईनं व्यापाऱ्याला भर सातऱ्यावर गप्प बसवलं होतं, ती बुडबुड्यांना भ्याली. देवराव झाकण हातात घेऊन उभा राहिला. त्याला रडू आलं. तेलकट हातानं डोळे पुसले तर कपाळाला काळं लागलं. बुडबुडे थांबले, पाणी फिरायला लागलं, त्यानं झाकण लावलं, इंजिन बंद केलं आणि दाराशी गेला.

"गोपिका, उद्या बायाईले सांगतो मी. सगळं."

ती आतून म्हणाली, "पट्टी सुटून राहिली. हात धुऊन या अन् बांधून द्या."

सकाळी पिकअप समाजमंदिरापुढे उभी राहिली तशा बाया डबे घेऊन जमल्या. गाडी पुन्हा आली म्हणून सगळ्या खुशीत होत्या. ऑटोत बसून बसून त्यांच्या कमरा धरल्या होत्या. बॉनेट उघडून नवा रेडिएटर बघायचा आग्रह झाला, आणि देवरावनं दाखवला. सकाळच्या उन्हात तो चकचकत होता.

"आरसाच लावला गा भाऊ!"

गोपिकाही निघाली होती. काम करता येणार नव्हतं, पण व्यापाऱ्याशी एकदा तोंडावर बोलायचं असं तिनं ठरवलं होतं. ती सवयीनं पुढच्या दाराकडे निघाली. दार उघडून प्रयागबाई आधीच आत बसत होती. प्रयागबाई वयानं मोठी, मनानं वाईट नाही, पण नवं मुकादमपण अंगात आलेलं.

"तू मांगं बस वं आज," ती म्हणाली. "तुले झोप-गीप लागली तं आडवी होता येईन." मग मागे चढणाऱ्या बायांकडे बघून ती मोठ्यानं म्हणाली, "अन् पोरींनो, झाकनाले हात नोका लावू गोपिकासारखा. नवीन हाय!"

बाया हसल्या. गोपिकाही हसली. लोकांनी आपल्यावर हसायच्या आधी आपणच हसून घ्यावं, तसं. ते हसणं देवरावला सहन झालं नाही. त्यानं बॉनेट आपटून बंद केलं.

"तिनं नाही खोललं स्वतःहून," तो म्हणाला. आवाज फाटला. "मी सांगतलं खोलाले. ती म्हनत होती गरम हाय म्हनून. मी फोनवर होतो. अन् आतमध्ये हळद मीच टाकली होती, म्हनून पानी उडलं. तिची काही चूक नव्हती."

हौद्यातून एक बाई म्हणाली, "अवं माय! पाहा नं कसे बायकोचं अंगावर घेऊन राहिले!"

"गुनाचा हाय बाप्पा," दुसरी म्हणाली. "वेनी घालते, जेऊ घालते, अन् आता चूकही घेते."

प्रयागबाई दारातून वाकून म्हणाली, "माझ्या म्हाताऱ्यानं जनमात असं केलं नाही. राहू द्या भाऊ, आम्हाले माहीत हाय काय झालं ते. आम्ही होतो नं तिथं."

देवराव उभाच राहिला. इतके दिवस जे घशात अडकलं होतं ते बाहेर पडलं होतं, आणि कोणी त्याला बोल लावला नव्हता. उलट कौतुक होत होतं. सांगितलं तर आहे आपण, आता त्यांना पटलं नाही तर आपण काय करणार, असा विचार त्याच्या मनात आला, आणि त्या विचारानं त्याला खरंच हलकं वाटलं. त्या हलकेपणाची लाज वाटायच्या आत त्याची नजर गोपिकाकडे गेली.

ती हौद्याच्या मागच्या फळीपाशी उभी होती. त्याच्याकडे बघत नव्हती.

"खरं हाय ते," ती म्हणाली. मोठ्यानं नाही, पण तिचा मुकादमाचा आवाज होता, सगळ्यांपर्यंत पोचला. "मी विचारलं, गरम असंन नं. तं म्हने, मी सांगून राहिलो, खोल. मंग मी खोललं. हळद माझ्या डब्यातली होती. मले दुकानात समजलं."

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. प्रयागबाईचं हसू तसंच तोंडावर राहिलं आणि मग गेलं.

"मंग तू काहून म्हनली माझी चूक म्हनून?"

"ते ओरडले नं माझ्यावर, सगळ्याईसमोर. त्याच्यावर मी काय म्हनू? नवरा खोटा बोलून राहिला म्हनू?"

प्रयागबाईनं देवरावकडे पाहिलं. "अन् तुम्ही आतापर्यंत काहून नाही बोलले भाऊ? तिच्या हातची टोळी गेली. आम्हीच म्हनलं व्यापाऱ्याले, हिले अक्कल नाही म्हनून."

भ्यालो, एवढंही देवरावच्या तोंडून निघालं नाही.

प्रयागबाई खाली उतरली. तिनं डबा काखेत मारला आणि पुढचं दार तसंच उघडं टाकलं. "जाय वं गोपिका. तुझी जागा हाय. व्यापाऱ्याले मी सांगते." मग ती मागे गेली आणि फळीवर पाय देऊन हौद्यात चढली.

"ये," देवराव गोपिकाला म्हणाला. "समोर ये. मी चढवतो तुले."

"नाही. मी इथंच बसते."

"ऊन लागंन. डाक्टरनं सांगतलं हाय."

"पदर हाय मले."

वरून दोन-तीन बायांनी वाकून तिला काखेत धरलं. प्रयागबाईनं पाठीला हात लावला. भाजलेल्या हातांना कोणाचा धक्का लागू न देता त्यांनी तिला अलगद वर घेतलं, मधे जागा केली आणि डोक्यावर ओढणीची सावली धरली. देवरावनं फळी लावली, साखळीचा आकडा अडकवला, पुढे येऊन उघडं राहिलेलं दार बंद केलं आणि गाडी सुरू केली.

नवा रेडिएटर छान चालला. फुफाट्याचा रस्ता संपून डांबरी लागला, ऊन चढलं, तरी काटा अर्ध्याच्या वर गेला नाही. रोज या रस्त्यावर गोपिका खड्डा यायच्या आधीच "हळू" म्हणायची. आज खड्डे त्यालाच बघावे लागत होते, आणि प्रत्येक खड्ड्याशी तो गाडी इतकी हळू करत होता की मागचे मोटारसायकलवाले हॉर्न मारून पुढे जात होते. मागून बायांचं बोलणं ऐकू येत होतं. काय बोलत होत्या ते इंजिनाच्या आवाजात कळत नव्हतं. शेजारची जागा सातरा येईपर्यंत रिकामी राहिली.